शेवटच्या खोलीत कोण बसणार

१२ ऑक्टोबर, रविवार

बी.पी. १४०/९०. गोळी घेतली.

सकाळी शेजारची भूमिका आली, सोबत तेजस आणि आणखी चार पोरं. सगळी अकरावी-बारावीची, माझ्यापेक्षा हातभर उंच, आणि दारात उभी राहून एकमेकांना ढकलतायत, तू बोल, तू बोल. शेवटी भूमिकाच बोलली. ३१ तारखेला हॅलोविन असतो म्हणे. माझ्या मागच्या तीन खोल्या भाडेकरू गेल्यापासून रिकाम्या आहेत, तर तिथे एक संध्याकाळ भूतघर करू का. कॉलनीतली लहान पोरं येतील. तिकीट-बिकीट काही नाही.

मी म्हटलं, तळोद्यात भुतं कमी पडली का तुम्हाला. कुणी हसलं नाही. बिचारे फारच सिरियस होते.

हो म्हणून बसले. का म्हटलं कोण जाणे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, हे जाऊन चार. घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. पण अट घातली, नियम माझे राहतील आणि ते लेखी राहतील. तेजसने लगेच सॅल्यूट ठोकला. आगाऊ आहे.

१४ ऑक्टो., मंगळवार

नियम लिहायला बसले ते दोन फुलस्केप झाले. अठ्ठावीस वर्षं डोंगरात लसीकरणाचे कॅम्प घेतलेत, मला गर्दीत पोरं कशी हलवायची ते माहीत आहे. आत जायचा दरवाजा एक, बाहेर यायचा वेगळा. एका वेळी चारच पोरं. कोणालाही हात लावायचा नाही, केस ओढायचे नाहीत, पाय धरायचे नाहीत. सहा वर्षांखालचं मूल आत नाही, त्याची आई पाया पडली तरी नाही. आग नाही, कापूर नाही, उदबत्ती नाही. आत फोन नाही. कुणी 'दिवा' असं म्हटलं की सगळी भुतं जागच्या जागी थांबणार आणि भूमिका लाईट लावणार.

आणि लिंबू, मिरची, कुंकू, काळी बाहुली, उतारा, यातली एकही वस्तू दिसता कामा नये. सांगाडा चालेल, विदेशी पांढरं भूत चालेल. हडळ, चेटकीण, डाकीण अजिबात नाही.

तेजस म्हणाला, "सिस्टर मावशी, हॅलोविनमध्ये चेटकीणच मेन असते. झाडूवाली."

"असेल. माझ्या घरात नाही."

"पण का?"

सांगितलं नाही. पोरं तळोद्याची, घाटाच्या वर कधी चढली नाहीत. त्यांना काय सांगू की दवाखान्यात एका पहाटे मी डाकीण म्हणून मारलेल्या एका बाईच्या डोक्याला चौदा टाके घातले होते आणि ती एवढंच म्हणत होती, मी नाही, मी नाही. तिला पुढे गावात कुणी पाहिलं नाही. तो शब्द मला माझ्या उंबऱ्याच्या आत नको आहे, बस.

१७ ऑक्टो.

पोरं रोज येतात. खोक्यांचे पुठ्ठे, काळे प्लास्टिक, कुणाच्या तरी बाबांच्या दुकानातून थर्मोकोल. पहिली खोली स्मशान, दुसरी "हॉस्पिटल". हॉस्पिटलमध्ये रक्ताच्या बाटल्या दाखवायच्या म्हणे. मी म्हटलं, सलाईनची नळी उलटी लावलीय, हे भूत नाही, निष्काळजीपणा आहे. नीट लावून दिली.

तिसऱ्या खोलीत काय, यावर भांडण. त्यांना तिथे सगळ्यात भयंकर काहीतरी हवंय. मी म्हटलं, तिसरी माझी. तिथे ट्यूबलाईट, सतरंजी, आणि एक मोठं माणूस. लस टोचल्यावर पोराला अर्धा तास बसवून ठेवतो तसं. रडणारं पोर तसंच घरी पाठवायचं नाही. आधी बसेल, ओळखीचा चेहरा बघेल, काहीतरी गोड खाईल, मग आईकडे.

भूमिकाला पटलं. तेजस म्हणाला, "मग कॅम्पच झाला की हा." झालाच आहे.

२४ ऑक्टो., शुक्रवार

दिवाळी झाली. मुलगा पुण्याहून दोन दिवस येऊन गेला. भूतघर ऐकून म्हणाला, आई, तुला उद्योग नाहीत का. नाहीत, म्हणून तर.

शेवटच्या खोलीत कोण बसणार, हा प्रश्न. मी दारात हवी, नाहीतर ही पोरं वय-बिय काही बघणार नाहीत. म्हटलं जमनाबाईला बसवू. कॉलनीत चार घरी काम करते, प्रत्येक पोर तिच्या कडेवर वाढलंय. समोरच्या घरातल्या वर्षाचा मुलगा रुद्र तर आईपेक्षा तिच्याकडेच जास्त.

भांडी घासता घासता विचारलं. ती मला तूच म्हणते, त्यांच्या डोंगरातल्या बोलीत अहो-जाहो नाहीच. म्हणाली, "मी काय करू तिथं, सिस्टर?"

"काही नाही. बसायचं. पोरं रडत आली की लाडू द्यायचा."

"मग चांगलं आहे. बसते."

बावीस वर्षांपूर्वी हिचं बाळंतपण मी केलं, कंदिलाच्या उजेडात. पोरगी उलटी होती. ती आता खापर गावाच्या बाजूला दिली आहे, तिलाही दोन पोरं. नवरा गेल्यावर जमनाबाई खाली उतरली ती माझ्या ओळखीवर. शनिवारी चांदसैलीच्या घाटाने घरी जाते, सोमवारी येते. वर तिचं घर आहे, नवऱ्याच्या हिश्शाचं शेत आहे, दीर कसतो. दिराला ती घरी आलेली आवडत नाही, असं तिच्या बोलण्यात एक-दोनदा आलं होतं.

२९ ऑक्टो.

राजगिऱ्याचे लाडू केले, ऐंशी. शेंगदाण्याचे नको, लहानांच्या घशात अडकतात. मीच वळले, मीच डब्यात भरले. हे लिहून ठेवते, पुढे कदाचित कुणी विचारेल.

('मीच वळले'पासून पुढचं ३ तारखेला वाढवलं आहे. वही खोटी नको.)

३१ ऑक्टो., शुक्रवार

साडेनऊ. पाय दुखतायत पण छान वाटतंय. एकसष्ट पोरं आली. एकालाही लागलं नाही. 'दिवा' तीनदा म्हटलं गेलं, तिन्ही वेळा भुतं शिस्तीत थांबली. तेजस सांगाडा झाला होता, एका पोरीने त्याला बघून नमस्कार केला म्हणे.

एकच गोष्ट चुकली. मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात वर्षाने रुद्रला आत सोडलं. पाच वर्षांचा आहे. दारावरच्या पोराला म्हणाली सहावं लागलंय. काकूंना नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने सोडलं. पोर दुसऱ्या खोलीत असं किंचाळलं की मी धावले. पण तोवर तिसऱ्या खोलीत जमनाबाईने त्याला मांडीवर घेतलं होतं आणि तो गप्प बसून लाडू खात होता. वर्षाला मी चार शब्द सुनावले. ती हसली, "सिस्टर, काही नही व्हयनं त्याले."

जमनाबाई जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी पण बसेन." उरलेले लाडू तिला दिले.

२ नोव्हेंबर, रविवार

रुद्रला ताप. १०२. वर्षाकडे जाऊन आले. क्रोसिन दिलंय. पुरळ नाही, डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणतो. रक्त तपासा म्हटलं.

त्यांचा कूलर अजून खिडकीतच आहे. झाकण उचलून बघितलं, पाण्यात अळ्या वळवळतायत. मी तिथल्या तिथे बोलले, तिच्या सासूसमोर. हळू बोलायला हवं होतं. पण नाही राहवत, आयुष्य गेलं लोकांचे रांजण उपडे करण्यात. सासूने तोंड फिरवलं.

३ नोव्हें., सोमवार

रुद्रला नंदुरबारला ॲडमिट केलं. डेंग्यू. प्लेटलेट उतरल्यात.

संध्याकाळी वर्षा कपडे न्यायला घरी आली होती, माझ्याकडेही आली. बसली नाही, दारातच. म्हणाली, "सिस्टर, तुमले राग येई, पन मी इचारस. लाडूमा काय व्हतं?"

म्हटलं राजगिरा, गूळ. मी केले.

"तुम्ही करात. पन दिधात तिनी."

केले मी, पण दिले तिने, म्हणजे काय ते मला आधी कळलंच नाही. खरंच कळलं नाही, मी तिला गुळाचं सांगत बसले. मग ती म्हणाली, "तिले शेवटनी खोलीमा का बसाडं तुम्ही? पोऱ्या बोंबलत व्हता. तिनी मांडीवर बसना आनि एकदम गप व्हयना. व्हिडिओ देखा का?"

व्हिडिओ. मी म्हटलं होतं आत फोन नाही. पोरांनी तिसरी खोली 'आत' धरलीच नाही, तिथे तर लाईट होता. कुणीतरी बाहेर पडणाऱ्या पोरांचे चेहरे काढले, गमतीचा व्हिडिओ करून शुक्रवारीच कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. मी ग्रुप बघत नाही. आता बघितला. रडणारी पोरं अंधारातून येतात, एकदम उजेड, आणि उजेडात जमनाबाईचा हात, हातात लाडू. शेवटी रुद्र. तोंड वासलेला, मग मांडीवर, मग गप्प.

चार वेळा बघितला. मला तरीही त्यात एक प्रेमळ बाईच दिसते. पण त्यांना काय दिसतंय तेही दिसायला लागलं.

सगळं बंद केलं होतं मी. लिंबू, कुंकू, झाडू. आणि डोंगरातली एक विधवा बाई उचलून उजेडात बसवली आणि तिच्या हातून दुसऱ्यांच्या पोरांना खायला घातलं. अठ्ठावीस वर्षं काढली मी तिथे. अक्कल गहाण टाकली होती का.

४ नोव्हें.

बी.पी. १६०/१००.

जमनाबाई कालच घरून परतली, तिला काही माहीत नाही. वर्षाच्या घरी गेली तर सासूने दार उघडलं नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, घरात कोणी नाही वाटतं, पोर आजारी आहे ना. तिला पोराचीच काळजी. मी तिला चहा दिला.

६ नोव्हें., गुरुवार

भूमिकाने व्हिडिओ काढायला लावला. काय उपयोग, सगळ्यांच्या फोनवर उतरलाय.

आणखी दोन घरांनी जमनाबाईला 'सध्या नको' सांगितलं. कारण कोणी सांगत नाही. एक म्हणाली पाहुणे आहेत, एक म्हणाली मशीन घेतलंय. तो शब्द कोणीच उच्चारत नाही, एवढी सुशिक्षित कॉलनी.

मी दारोदार गेले. अक्षरशः, जनजागृतीला जायचे तशी. डास चावल्यावर ताप यायला चार-पाच दिवस तरी लागतात. शुक्रवारी लाडू, रविवारी ताप, म्हणजे डास आधीच चावलेला. सगळ्यांनी मान डोलावली. सगळे म्हणाले, बरोबर आहे सिस्टर. एकीने मी उठल्याबरोबर पोराला आत नेलं, लाडू वळणारे हात माझेच म्हणून की काय कोण जाणे.

कॉलनीचे अध्यक्ष हेडमास्तर होते, फार मोजून बोलतात. "आपला यावर विश्वास नाही. पण लोकांच्या भावना असतात. काही दिवस बाईंना येऊ देऊ नका, आपोआप निवळेल."

म्हटलं, काय निवळेल? नाव तरी घ्या. त्यांनी घेतलं नाही.

७ नोव्हें.

जमनाबाईला कळलं. कुणी सांगितलं माहीत नाही. सकाळी आली, झाडू घेतला नाही, स्वयंपाकघरात खाली बसली.

"सिस्टर, तूच बसवलं ना मला?"

हो म्हटलं.

"मग तू सांग त्यांना."

सांगते आहे, म्हटलं. सांगूनच राहिले. तिने मान हलवली आणि उठून भांडी घासायला घेतली. मी मागे उभी राहून रडले. तिने मागे बघितलं नाही, बरं झालं.

८ नोव्हें., शनिवार

तेजसने करायचं ते केलं. त्याला फार लागलं होतं, व्हिडिओ त्याच्याच फोनवर काढलेला. सकाळी स्टेटस ठेवलं, ग्रुपवरही टाकलं. जमनाबाईचा फोटो, खाली ठळक अक्षरात: 'जमनामावशी डाकीण नाही. अफवा पसरवू नका.' खाली त्याचं नाव, भूमिकाचं, सहाही पोरांची.

आतापर्यंत आठ दिवस जे कोणी बोललं नव्हतं ते या पोरांनी छापून दिलं. चांगल्या मनाने. मी तेजसला बोलावून ओरडले, तो माझ्यासमोर उभा राहून थरथरत होता. "मी नाही असं लिहिलंय ना मावशी. नाही असं लिहिलंय." म्हटलं, काढ आधी. काढलं. तीन तास राहिलं होतं.

नंतर त्याच्या आईने फोन करून सांगितलं, तो जेवला नाही. मला त्याच्या वयात एवढी हिंमत नव्हती. त्याला हेही सांगायला हवं होतं.

जमनाबाई नेहमीप्रमाणे दुपारच्या गाडीने घरी गेली. मी म्हटलं नको जाऊ. म्हणाली, शेंगा काढायच्यात.

९ नोव्हें.

रुद्रच्या प्लेटलेट वाढल्या. उद्या सोडणार. देवासमोर दिवा लावला. आता तरी.

११ नोव्हें., मंगळवार

आता तरी काही नाही. रुद्र घरी आला, खेळतोय, मला बघून हात केला. वर्षाही नीट बोलली, चहासुद्धा केला. आणि चहा देता देता सांगितलं की गुरुवारी तिच्या सासूने कुकरमुंड्याकडच्या एका भगताकडून उतारा करून घेतला, आणि शुक्रवारपासून ताप उतरला. "तुम्ही मानू नका. पन देखा ना, उतरना."

सलाईन लागलं होतं पाच दिवस. पोर मेलं असतं तर जमनाबाईमुळे, आणि वाचलं तर भगतामुळे. जमनाबाईला सुटायला वाटच ठेवली नाही यांनी.

सोमवारी जमनाबाई आली नाही. फोन बंद.

१३ नोव्हें.

फोन बंद.

१४ नोव्हें.

पोलीस ठाण्यात गेले. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, मला माहीत आहे, मीच गावोगाव त्याचे कागद वाचून दाखवायचे. जमादार भला होता, खुर्ची दिली. म्हणाला, बाई स्वतः कुठे आहे? कोण काय बोललं? कोणत्या तारखेला? साक्षीदार?

कोण काय बोललं. विचार केला तर तळोद्यात तो शब्द उघडपणे लिहिणारा एकच माणूस निघतो, आणि तो सतरा वर्षांचा तेजस आहे. घरी आले.

१६ नोव्हें., रविवार

जमनाबाईच्या पोरीचा फोन, खापरहून. आई तिच्याकडे आहे. आठ तारखेच्या शनिवारी वर पोचली तेव्हाच दिराच्या मुलाच्या फोनवर तेजसने टाकलेला तो फोटो आलेला होता. तिथे वाचता येणारे थोडे. फोटो ओळखला, एक शब्द ओळखला. दिराने दारात उभं राहून सांगितलं, घरात यायचं नाही. त्याची एक म्हैस मागच्या महिन्यात मेली होती, तीही आता हिच्या नावावर घातली. दगड आले म्हणे दोन-तीन. खांद्याला लागलाय. रात्रभर चालून घाट उतरली, सकाळच्या गाडीने पोरीकडे.

म्हैस निमित्त आहे, शेत पाहिजे त्याला. हे मला कळतं, पोरीला कळतं, दिरालाही कळत असणार.

मुलाला पुण्याला फोन केला. म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. तुझं वय बघ." म्हटलं, मी पडलेलीच आहे रे. मीच पाडलं आहे सगळं.

१९ नोव्हें.

भूमिका आणि पोरं येऊन मागच्या खोल्या साफ करून गेली. तेजस आला नव्हता. पुठ्ठे बाहेर काढताना भूमिका म्हणाली, "आम्ही कुठला नियम मोडला मावशी?" म्हटलं, फार काही नाही. मुख्य गोष्टी तुम्ही सगळ्या पाळल्यात. तेच तर आहे.

तिला ते आवडलं नाही. नियम मोडला असता तर सोपं झालं असतं तिला, मलाही.

२२ नोव्हें., शनिवार

खापरला जाऊन आले. अक्कलकुव्याला गाडी बदलली. पोरीचं घर गावाबाहेर, कुडाचं, अंगणात मक्याची कणसं पसरलेली. जमनाबाई सोलत बसली होती. एका हाताने. खांदा बघितला, हाड नाही मोडलेलं, सूज आहे. गोळ्या दिल्या. पोरीची दोन पोरं लांब बसून आमच्याकडे बघत होती. आजीजवळ जायचं नाही असं त्यांना सांगितलं असावं. नातवंडं आहेत हो तिची.

जावई वाईट नाही. पण त्याचेही भाऊ आहेत, शेजारी आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाला, मंगळवारी हिचा निवाडा करायला आमचे पंच बसणार आहेत, वर तिच्या गावचेही येतील. तोपर्यंत ठेवतो. पुढचं मी काय सांगू.

मी जमनाबाईला म्हटलं, माझ्याकडे चल. माझ्या घरात राहा, मागच्या खोल्यांत. मनापासून म्हटलं.

ती हसली. पहिल्यांदाच हसली. "तुझ्या त्या कॉलनीत?"

मग कणीस खाली ठेवून म्हणाली, "सिस्टर, तू मला कागद दे."

"कसला कागद?"

"मी नाही, असा. तू जन्माचा कागद द्यायची. लसीचा द्यायची. माणूस मेलं तर त्याचा पण द्यायची. मग हा पण दे. पंचांच्या पुढे ठेवते."

म्हटलं, असा दाखला नसतो जमनाबाई. आणि मी रिटायर झाले, माझ्या कागदाला किंमत काय.

"वर तू अजून सिस्टरच आहे. तुझं अक्षर ओळखतात. कार्डं आहेत घरोघर."

समजावलं. ठाण्यात चल म्हटलं, आपण तक्रार देऊ, दिराच्या नावाने. म्हणाली, दीर आत गेला तर त्याची बायको-पोरं आहेत, मग मी वर परत कधीच जाऊ शकत नाही. तिला वर जायचं आहे. एवढंच पाहिजे तिला, स्वतःच्या घरी जायचंय.

म्हटलं, लिहिते. चांगली बाई आहे, बावीस वर्षं ओळखते, असं लिहिते.

"तसं नको. तो शब्द लिही आणि नाही लिही. नाही तर म्हणतील हा दुसऱ्या कामाचा कागद."

गाडीत सगळी वाट मला तेजस आठवत होता. थरथरत उभा होता ते.

२३ नोव्हें., रविवार

गोळी दोनदा घेतली चुकून. झोप नाही.

सकाळपासून बसले आहे. पहिला कागद: 'श्रीमती जमनाबाई यांना मी बावीस वर्षांपासून ओळखते, त्यांची वर्तणूक चांगली आहे.' हा घरकामाला लावायचा दाखला झाला. फाडला.

दुसऱ्यात वैद्यकीय लिहिलं. मुलाला डेंग्यू होता, तपासणीत सिद्ध, डास चावल्याने होतो. दीड पान. पंच ऐकतील आणि म्हणतील, बाई शिकलेली आहे. फाडला.

मंगळवारी खापरला कागद न्यायचाच नाही का? रिकाम्या हाताने गेले तर म्हणतील सिस्टरनेही दिला नाही. लिहून नेला तर सिस्टरच्या अक्षरात तो शब्द तिच्या नावाशेजारी कायमचा. पंच ठेवून घेतील, कुणी फोटो काढेल, दिराच्या घरी जाईल. दहा वर्षांनी कुणाचं तरी पोर आजारी पडेल आणि कागद निघेल. हिच्याबद्दल तेव्हाच लिहावं लागलं होतं, म्हणतील.

दुपारी तेजस आला होता. दारातच उभा. काही लागलं तर सांगा म्हणाला. मी त्याला आत बोलावलं, वरणभात वाढला, तो जेवला. त्याला कागदाचं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, तेही समजत नाही. माझी सगळी समज त्या दोन फुलस्केपात संपलेली दिसते.

तिसरा लिहिला. चार ओळी. तिचं पूर्ण नाव, गावाचं नाव, तो शब्द, नाही, आणि खाली माझी सही, तारीख. शिक्का माझ्याकडे नाही, रिटायर होताना जमा केला. वाचून बघितला. तेजसने जे लिहिलं होतं तेच आहे, शब्दाला शब्द, फक्त माझं अक्षर चांगलं आहे.

टेबलावर ठेवलाय, चष्म्याच्या घराखाली. पाकिटात घातला नाही अजून. मंगळवारी पहिली गाडी साडेसहाला आहे.